हाक पोचेल अशी जमीन

माझा आवाज मोठा आहे. लपवायचं म्हटलं तरी तो लपणार कसा? लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासरे म्हणाले होते, सून आणली की भोंगा आणला. आमच्या ह्यांना मात्र त्याचं कधी काही वाटलं नाही. ते कापडगिरणीत फोरमन. दिवसभर अडीचशे मागांच्या खडखडाटात उभं राहायचं, मग घरी आल्यावर बायकोचं ओरडणं म्हणजे सुट्टीच वाटते, असं तेच सांगायचे. मी स्वयंपाकघरातून "अहो" म्हणायचं आणि त्यांनी जिथे असतील तिथून "ओ" द्यायची. चौतीस वर्षं हे असंच चाललं. आणि संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं, एकानं हाक मारायची आणि दुसऱ्यानं ओ द्यायची.

त्या मागांनी त्यांचे कान खाल्ले. हळूहळू, रोज थोडे थोडे. दोन वर्षांपूर्वी उरलंसुरलं होतं तेही गेलं. तीन तऱ्हेची यंत्रं कानात घालून झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, यंत्र बिचारं काय करणार. समोर उभं राहून बोललं तर ह्यांना ओठांवरून सगळं कळतं. स्वतः बोलतात तेही पूर्वीसारखंच, फक्त जरा वरच्या पट्टीत. अडचण एकच होती. समोर जाईपर्यंत माणसाला बोलवायचं कसं?

खांद्याला हात लावला की दचकायचे. दचकायचे म्हणजे कपबशी एकीकडे आणि चहा दुसरीकडे. दिवा लावून-विझवून पाहिला, पण भर दिवसा दिव्याला विचारतो कोण. एकदा माझं डोकं फिरलं होतं. चार वेळा उठून त्यांच्यासमोर जाऊन आले होते, पाचव्या वेळी जागेवरून लोकरीचा गुंडा फेकून मारला. तो मानेला लागला. ते उठले, गुंडा उचलला, माझ्या हातात आणून दिला आणि म्हणाले, "कुत्र्याला चेंडू टाकतात. माणसाला हाक मारतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात उचलणं सोपं असतं, नंतर तो हात कुठे लपवायचा ते कळत नाही.

त्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवली. आयुष्यभर खिडकीशी बसून वाचणारा माणूस, पण खिडकीशी बसलं की दाराकडे पाठ येते. म्हणून मग भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसायला लागले, मागून कोणी यायलाच नको म्हणून. त्या कोपऱ्यात वाचायला उजेड नाही. पुस्तक मिटलेलंच, आणि नजर दाराकडे. आपल्याच घरात पहारा देत बसल्यासारखे. मला तो माणूस परत खिडकीशी बसलेला हवा होता आणि माझी हाक मला परत हवी होती. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

तोडगा सापडला तो नणंदेच्या घरी. तिनं नुकतंच एक जुनं घर घेतलं होतं, वरच्या मजल्यावर तुळयांवर ठोकलेल्या रुंद फळ्यांची जमीन असलेलं. हे वर खिडकीतून रस्ता बघत उभे होते. मी चहा घेऊन जिना चढले. हाक मारायचा प्रश्नच नव्हता, पाय न आपटता जात होते. खोलीच्या मध्यावरही पोचले नसेन तोच हे न वळता म्हणाले, "ठेव तिथे टेबलावर."

कप माझ्या हातून पडायचाच राहिला. मी धावत समोर गेले. "तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी पायाकडे बोट दाखवलं. "फळी."

"वहिनी, तुझी चालच तशी आहे," नणंद मागून म्हणाली. "दादालाच काय, खालच्या वाण्यालासुद्धा कळली असेल."

मग तासभर आमचा खेळ चालला. हे पाठ करून उभे, मी निरनिराळ्या कोपऱ्यांतून चालतेय, आणि माझं पाऊल पडलं की ह्यांचं बोट वर. एकदाही चुकले नाहीत. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. घरी येऊन मी आमच्या हॉलच्या फरशीवर पाय आपटून पाहिला. माझी टाच मात्र दुखली, त्यांना काही कळलं नाही. मी तेव्हाच ठरवलं की ही फरशी आता या घरात राहणार नाही.

लाकडी जमिनीचं दुकान म्हणजे गोदामाएवढं मोठं. टाय लावलेला विक्रेता पुढे आला. त्याचं बोलणं पाठ केल्यासारखं होतं. "मॅडम, आमच्या जमिनीवर हत्ती चालवा. ऐकू येणार नाही."

"मग आम्हाला नको," मी म्हटलं.

त्याला वाटलं घासाघीस चालली आहे. तो अजून शांत, त्याहून शांत अशा जमिनी दाखवायला लागला. मी सांगतेय वाजणारी दाखवा, तर म्हणतो, मॅडम, वाजली तर आम्ही बदलून देतो. पालथ्या घड्यावर पाणी. इकडे ह्यांनी बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची घडी करून बुटात ठेवली आणि अनवाणी पहिल्या नमुन्यावर जाऊन उभे राहिले. दुकानात दहा माणसं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चाल," ते म्हणाले.

चालले. करते काय.

पहिली जमीन लाकडाचा नुसता मुलामा असलेली. ह्यांनी मान हलवली. "पुठ्ठा." दुसरी भरीव लाकडाची, पण सिमेंटवर चिकटवलेली. "मेलेली." तिसरी तीन बोटं रुंदीच्या अरुंद पट्ट्यांची. तिच्यावर बराच वेळ उभे राहिले. "येतंय. पण प्रत्येक सांध्याशी अडखळत येतंय. वीस जणांच्या तोंडून निरोप यावा तसं." मला अक्रोडाची आवडली होती. काळसर, तिच्यावर धूळ दिसली नसती. माझं मन राखायला ते तिच्यावर दोनदा उभे राहिले. मग म्हणाले, "देखणी आहे. पण पुटपुटते."

मग शेवटी, भिंतीकडेला, दोन आडव्या लाकडी रिपांवर नुसत्या टेकवून ठेवलेल्या ओकच्या फळ्या. नऊ इंच रुंद, इंचभर जाड, आणि लांबीला सोळा फूट, मध्ये एकही जोड नाही. रंग पिकल्या गव्हाचा. जवळ गेलं की वासही येत होता, थोडा आंबूस, थोडा गोड. एका फळीत मुठीएवढी गाठ होती आणि लाकडाच्या रेषा तिला वळसा घालून पुढे गेल्या होत्या. कुठे तुटल्या नाहीत, कुठे गोंधळल्या नाहीत. लाकूड इतकं देखणं असतं हे मला साठी आली तरी माहीत नव्हतं. मी आपली हात फिरवत उभी राहिले.

"चाल गं," हे म्हणाले.

मी मुद्दाम चवड्यांवर चालले, चोरासारखी. बोट वर. नुसता अंगठा टेकवला. बोट वर. विक्रेता आता बोलायचा थांबला होता.

"साहेब, हे कसं?" त्यानं विचारलं, आणि मग लक्षात येऊन समोर येऊन परत विचारलं.

तेव्हा ह्यांनी त्याला जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाले, "गिरणीत पहिल्या पाच वर्षांतच मला बारीक आवाज कळेनासे झाले. माग बिघडला तर आवाजावरून कळायचं कसं? मग मी चपला काढून उभं राहायला लागलो. बाराव्या रांगेतला चौथा माग लंगडतोय, हे मला पहिल्या रांगेत तळव्याला कळायचं. पुढची तीस वर्षं मी नोकरी पायांनी केली."

चौतीस वर्षं या माणसाच्या पायांना भेगा पडतात म्हणून मी कटकट केली. चपला घाला, चपला घाला, असा माझ्या तोंडाचा पट्टा चालू. एकदाही विचारलं नाही की त्या काढता कशाला. दुकानाच्या मधोमध मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि लोक बघतायत म्हणून मी विक्रेत्यावरच खेकसले, "बघता काय, लिहून घ्या या फळ्या." त्यानं लिहून घेतल्या. मग आम्ही निघताना मागे वळून पाहिलं तर तो बूट काढून त्या फळीवर उभा होता.

जमीन बसवायला मिस्त्री आला. पन्नाशीचा, वाळलेला, कमी बोलणारा. कधी सुरू करणार विचारलं की "हळूहळू". कधी संपणार विचारलं की "हळूहळू". मी त्याचं नावच हळूहळू ठेवलं. पहिल्या दिवशी त्यानं फळ्या हॉलमध्ये रचल्या, दोन थरांमध्ये बारीक पट्ट्या घालून, म्हणजे चहूबाजूंनी हवा लागेल. मग ओल मोजायचं एक यंत्र फळीला टेकवलं, आकडा पेन्सिलीनं फळीच्या टोकावर लिहिला आणि पिशवी उचलून निघाला.

"अहो, बसवणार कधी?"

"दोन आठवड्यांनी. लाकूड नव्या घरात आलंय, बाई. रुंद फळी घाईनं बसवली तर मागाहून फुगते, नाहीतर आकसते. आधी तिला बसू द्या, मग मी बसवतो."

दोन आठवडे आम्ही त्या ढिगाला वळसा घालून वावरलो. व्याह्यांचीसुद्धा मी इतकी बडदास्त ठेवली नव्हती. मिस्त्री मधून मधून यायचा, यंत्र टेकवायचा, आकडा लिहायचा, जायचा. एक दिवस आकडा हलायचा थांबला. मग त्यानं फरशीवर रिपा मारल्या, पाणसळ लावून, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. ह्यांचं एकच सांगणं होतं, आणि ते मी मिस्त्रीला बजावलं होतं. फळ्या स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत उभ्या गेल्या पाहिजेत, अखंड. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हे. का, ते मात्र मी त्याला सांगितलं नाही. परक्या माणसाला काय सांगायचं, की मला नवऱ्याला हाक मारायची आहे म्हणून?

तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

भुश्शानं ह्यांना खोकला लागला म्हणून त्यांना दोन दिवस नणंदेकडे पाठवलं होतं. पहिल्या दुपारी मिस्त्री डबा खाऊन उठला, हात धुतले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारलं, "बाई, गादी घालू ना?"

मला वाटलं, दमलाय बिचारा. सकाळपासून गुडघ्यांवर आहे. जरा पडायचं असेल. म्हटलं, "घाला की. त्यात विचारायचं काय? घरच्यासारखं वागा."

"बरं," तो म्हणाला.

मी दार लोटून घेतलं, त्याला उजेड लागू नये म्हणून. आतून स्क्रू पिळायचा आवाज येत राहिला. मला वाटलं, झोप लागत नसेल.

तिसऱ्या दिवशी हे परत आले तेव्हा सोळापैकी चौदा फळ्या बसल्या होत्या. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि फळ्यांच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत चकाकत होत्या. मी दारातच थबकले होते, इतकी ती जमीन सुंदर दिसत होती. ह्यांनी बाहेरच चपला काढल्या. खिडकीशी गेले, पाठ केली.

मी चालले. बोट वर गेलं नाही.

मी टाच आपटली. नाही. दोन्ही पायांनी उडी मारली, या वयात. त्यांनी मान वळवून मला हवेतून खाली येताना पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की मी केव्हाची नाचतेय.

"राहू दे," ते म्हणाले. "दिसायला छान झाली आहे."

आणि त्यांनी खुर्ची उचलली, भिंतीशी नेली, दाराकडे तोंड करून बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाशी मी भांडू शकते. "छान झाली आहे" याच्याशी कसं भांडायचं?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्त्रीला धरलं. "काय करून ठेवलंत? ही जमीन मेलेली आहे."

"मेलेली म्हणजे?"

"म्हणजे वाजत नाही."

त्यानं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "बाई, वाजू नये म्हणूनच गादी घातली. तुम्हाला विचारून घातली."

"कुठे आहे गादी?"

त्यानं शेवटच्या फळीची कड उचलून दाखवली. रिपेवर बोटभर जाडीची करडी लोकरीची पट्टी होती, दुकानातून फळ्यांबरोबर जी गुंडाळी आली होती तिची. मला ते फळ्यांचं वेष्टण वाटलं होतं. त्यांच्या धंद्यात त्याला गादी म्हणतात. आता हे मला कोण सांगणार?

"मला वाटलं, तुम्हाला झोप आली आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही. हसला असता तरी मी काही म्हटलं नसतं, माझी तेवढी लायकीच होती. तो म्हणाला, "तीस वर्षं हे काम करतोय. ज्या घरी जातो तिथे एकच सांगतात, पाऊल वाजता कामा नये. जमीन वाजली पाहिजे म्हणणारं घर पहिलंच बघतोय. का वाजायला हवी?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. कान, लोकरीचा गुंडा, खुर्ची. सांगता सांगता रडले, ते मला आवडत नाही, पण रडले.  सांगून झाल्यावर त्यानं आपले बूट काढले. एक सुटी फळी उघड्या रिपांवर टाकली, खिडकीच्या टोकाला जाऊन तिच्यावर उभा राहिला, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

"चाला, बाई."

मी चालले. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग खाली वाकला आणि फळीवर तळहात टेकवला, डॉक्टर छातीवर टेकवतात तसा.

"येतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा झाला होता. "इतकी वर्षं हे मी मारत आलो."

स्क्रूंची भोकं बुजवायचं काम तो नेहमी शेवटी ठेवायचा, ते नशीब. त्यानं खडूनं चौदाही फळ्यांवर आकडे टाकले आणि शेवटच्या फळीपासून उलट सुरुवात केली. एका फळीच्या कडेला जीभ असते, ती दुसरीच्या खाचेत बसते. ओढली की जीभ तुटते. त्यानं ओढली नाही. फळीखाली बोटं घालायचा, थोडी इकडे, थोडी तिकडे, आणि फळी आपणहून सुटून यायची. चौदाच्या चौदा निघाल्या, एकीचीही जीभ तुटली नाही. इतक्या सोळा फुटी जिभा सांभाळणारा माणूस आणि मला माझी एक सांभाळता येत नाही. हे भिंतीशी बसून सगळं बघत होते. मध्येच उठले आणि फळीचं दुसरं टोक धरायला गेले. मग दोघे मिळूनच काम करायला लागले, न बोलता. मिस्त्री तसाही बोलत नव्हता आणि ह्यांना त्याची गरज नव्हती. मी चहा देत राहिले, आणि कोणी काही विचारलं तर दोनदा अर्थ विचारूनच हो म्हणायला लागले.

फळ्या परत बसल्या, या वेळी गादीशिवाय. भोकांत लाकडी गुट्ट्या गेल्या, वरून तेल लागलं, दोन दिवस वाळलं.

शेवटच्या दिवशी मिस्त्री हत्यारं भरून दारात उभा होता, जायचं नाव काढत नव्हता. ह्यांनी खुर्ची उचलली. खिडकीशी नेली. खिडकीकडे तोंड, आमच्याकडे पाठ. वर्तमानपत्र उघडलं आणि अनवाणी पाय फळीवर टेकवले.

मी स्वयंपाकघराच्या दारात, त्याच फळीच्या या टोकाला. माझ्या छातीत असं धडधडत होतं की तेच त्यांना पोचेल असं वाटलं. हाक कशी मारायची ते मी ठरवलं होतं. नुसतं आपटायचं नाही, आपटतं कोणीही. टाच एकदा हलकी, एकदा जोरात. अ-हो.

मारली.

वर्तमानपत्र हललं नाही.

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मी परत मारली, जरा जोरात. अ-हो. ह्यांनी पान उलटलं आणि वाचत राहिले.  इतकं सगळं करून शेवटी हे. नणंदेच्या घरातली जमीन तुळयांवर होती, आमची फरशीवर, नसेल येत. नसतील होत काही गोष्टी परत. तरी तिसऱ्यांदा मारली, जीव खाऊन.

"ओ," हे म्हणाले.

वळले नाहीत. नुसतं, पूर्वी म्हणायचे तसं, ओ.

मिस्त्रीनं पिशवी खाली ठेवली. मी सोळा फूट कशी गेले मला ठाऊक नाही. समोर जाऊन उभी राहिले आणि आधी भांडले. "दोनदा मारली, कळली नाही?"

"पहिल्यांदाच कळली."

"मग ओ द्यायला काय झालं होतं? इथे माझा जीव जायची वेळ आली."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते उलटं धरलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"दोन वर्षांनी कोणीतरी मला हाक मारत होतं," ते म्हणाले. "लगेच ओ दिली असती तर तू थांबली असतीस."

मी मागे वळले. परत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि टाच उचलली.